लिलावाचा विडा

नोटीस दोन पानांची होती. मी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गाव अजून सगळा दोष महादेवकाकावर घालून मोकळं होतं आणि माझं नाव कोणी घेत नाही. आमच्या घरात सातवीची फायनल पास झालेला मी एकटा. फायनल पास म्हणे! काय चाटायचीय ती फायनल?

जमीन खारीची होती, खाडीच्या काठाला, चार एकर आणि वर थोडी. खारीची जमीन म्हणजे खाडीच्या तोंडातून काढून घेतलेली जमीन. मध्ये मातीचा बांध, बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे भरतीचं पाणी. आज्याने ती केली, बापाने राखली. बाप गेला आणि पुढच्याच भादव्यात मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली. दोन भरत्यांत सगळं खाचर पाण्याखाली गेलं. भात पोटरीला आलं होतं. आठ दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा ते वाळल्या गवतासारखं पिवळं पडून आडवं झालं होतं, आणि थंडी सुरू झाली तशी जमिनीवर मीठ फुलून आलं. माझा थोरला भाऊ शिवादादा खाली बसला, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"दोन पावसाळं लागतील धुवायला," तो म्हणाला. "ते बी बांद उभा ऱ्हायला तर."

सरकारचा सारा मात्र सुटला नाही. त्या साली गावची आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, सोळांत दहा आणे निघाली, साऱ्याला सूट मिळण्याइतकी कमी नव्हे. आणेवारी अख्ख्या गावाची काढतात ना, आणि वरच्या अंगाची भातं झकास पिकली होती. आमच्या चार एकरांत खेकडे फिरत होते, तेही त्या दहा आण्यांत मोजले गेले. दादा सुटीचा अर्ज घेऊन दोनदा पनवेलला गेला, दोनदा हात हलवत परत आला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, चल, मी येतो, चांगल्या अक्षरात लिहितो. तर म्हणाला, "ज्यानं जमीन खाल्ली त्याच्याकडं मागा म्हनावं सारा. खाडीला लावा नोटीस."

आणि त्याने सारा भरला नाही. दोन वर्षं. पैसा नव्हता म्हणून नाही, हे नीट ऐकून ठेवा. कोणाचं देणं आमच्या दारात कधी उभं राहिलं नव्हतं. दादाने भरला नाही तो रागाने. मलाही तेव्हा तो राग बरोबर वाटला. आजही वाटतो.

बांध आम्ही तिघांनी बांधला. दादा, त्याची बायको हौसावैनी आणि मी. गावची रीत अशी, की खांड पडली की खारीत ज्याची ज्याची जमीन त्याच्या घरचं एक माणूस फावडं घेऊन यायचं. आमच्या वरच्या बाजूला महादेवकाकाची जमीन होती. दादा त्याला बोलवायला गेला.

"माझी जमीन उंच हाय, शिवा," काका म्हणाला. "तिथवर पानी येत नाय. आनि यंदा कंबर धरली हाय."

कंबर धरली होती, पण त्याच आठवड्यात स्वतःच्या घराचा पाया खणायला ती सुटली. बाकीचे आले, चार-चार दिवस राबले, आपापल्या कामाला गेले. राहिलो आम्ही. दिवाळीपासून चैत्रापर्यंत, दोन्ही वर्षं.

खाडीचं काम घड्याळाने होत नाही, ओहोटीने होतं. पाणी उतरलं की खाडीच्या पोटातला काळा चिखल फावड्याने कापायचा, त्याची वीतभर जाड ढेपळं काढायची, डोक्यावर वाहून खांडीत रचायची, मध्ये पेंढा घालायचा आणि पायाने तुडवायचं. भरती यायच्या आत जेवढं होईल तेवढं. उरलं ते पाणी घेऊन जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात. चिखलात कालवांच्या शिंपा असतात, सुरीसारख्या. दादाच्या पायांना भेगा पडल्या आणि त्यात मीठ गेलं. संध्याकाळी वैनी त्यात कोमट खोबरेल सोडायची तेव्हा हा बाबा दात खाऊन बसायचा, पण तोंडातून हूं काढायचा नाही.

वैनीच्या डोक्यावर टोपलीच्या बुडाखाली केस गेले होते. रुपयाएवढं टक्कल पडलं होतं. पदराखाली झाकायची. एकदा मी पाहिलं तर म्हणाली, "काय बगतोस भावजी? पुडल्या साली भात पिकला की तेलाची बाटलीच्या बाटली वतनार हाय डोक्यावर."

पहिल्या साली भरती अडेल एवढी खांड बुजली आणि पावसाने मीठ बरंच धुतलं, दुसऱ्या वर्षी फाल्गुनात ती पुरती भरून आली. बांध माणसाच्या दीड उंचीचा झाला. राहिली फक्त उघाडी. पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात मोरी ठेवतात आणि तिला लाकडी दार लावतात. भरती आली की ते दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. दार कच्चं असलं की सगळी मेहनत पाण्यात. चांगलं दार सागाचं लागतं.

तेव्हाच नोटीस आली. चावडीच्या खांबाला कोतवालाने चिकटवली. मी वाचली. गटाचा नंबर, आमच्या बापाचं नाव, दोन वर्षांचा थकलेला सारा, लिलावाची तारीख. त्याखाली दुसरं पान डकवलेलं होतं, बारीक टायपात, 'सुधारित नियम' असं वर काहीतरी. माझ्या मागे दहा माणसं उभी होती. कोणीतरी म्हणालं, "तारीख कदी हाय ते सांग, बाकी आमाला ठाव हाय." मी तारीख सांगितली. आणि खरंच, बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

काय ठाऊक होतं, ते सांगतो. आमच्या गावात साऱ्यापायी लिलाव नवा नव्हता. माझ्या आज्याच्या वेळी झाला, विठूबाबाच्या जमिनीचा झाला, आणखी दोघांचा झाला. एकाचीही जमीन गेली नाही. लिलावाच्या आदल्या दिवशी त्या घरचा कर्ता घरोघर जायचा आणि प्रत्येकाला पानाचा विडा द्यायचा. ज्याने विडा घेतला त्याने तो लिलावाच्या वेळी तोंडात धरायचा. चावायचा नाही, थुंकायचा नाही, नुसता गालात धरायचा. तोंडात विडा असलेला माणूस बोली कशी बोलणार? सगळं गाव चावडीपुढे मुकं उभं राहायचं. साहेब तीनदा विचारायचा, मग कंटाळून स्वतःच म्हणायचा, "सरकार, एक रुपया." जमीन कागदावर सरकारजमा व्हायची. कसायचा मात्र मूळचाच धनी. पुढच्या सुगीला थकबाकी भरली की नाव परत चढायचं. गावाने असं सरकारला तीस-चाळीस वर्षं खेळवलं होतं आणि त्याचा गावाला तोरा होता.

आमच्या घरात त्या दिवशी वरकसाच्या, म्हणजे वरच्या माळजमिनीच्या, गवताचे पैसे आले होते. मुंबईच्या तबेलेवाल्याने यंदा बरा भाव दिला होता. दादाने ते चुलीजवळ ठेवले आणि आम्ही तिघं बसलो.

"यात एक तर सारा भरंल, नायतर उघाडीचं दार व्हईल," दादा म्हणाला.

वैनी म्हणाली, "सारा भरून टाका. लिलावाची कटकट नगं."

"आनि दार? पावसाच्या आत दार बसलं नाय तर पयल्या उधाणाला पुन्ना मीठ. मग सारा भरून काय मिठाची शेती करू?"

"विडा हाय की," मी म्हणालो. "वर्षाची सवड मिळंल. पीक आलं की भरू."

मी म्हणालो. फायनल पास. वैनीने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि उठून भाकरी थापायला लागली. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी विचुंब्याच्या पायवाटेने पनवेलला गेलो आणि वखारीतून सागाच्या फळ्या खांद्यावर घेऊन आलो. वाटेत तीनदा टेकलो. फळ्यांना इतका छान वास येत होता, की दादा टेकला की त्यांना नाक लावायचा.

लिलावाच्या आदल्या दिवशी दादा विडे घेऊन निघाला. वैनीने सकाळपासून चाळीस विडे बांधले होते, लवंग टोचून. मी परात धरून मागे. विठूबाबाने विडा कपाळाला लावला. म्हातारा म्हणाला, "माज्या वक्ताला तुज्या आज्यानं धरला हुता. दात नाय ऱ्हायलं, पन गाल हायत." महादेवकाकाच्या ओटीवर गेलो तर काका झोपाळ्यावर होता. विडा घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"लवंग भारी हाय रं, शिवा."

"काका, उद्या यावं लागल."

"येनार की. न येऊन कसं चालंल?" आणि विडा टोपीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे अख्खं गाव. पुरुष पुढे, बायका मागे पारावर. पनवेलहून एक कारकून आला होता, सॅम्युअल नावाचा. तरुण, चष्मा, पायात बूट, बोलणं शहरी पण सरळ. आमच्याकडच्या बेने इस्राएली, म्हणजे ज्यू, घरातला, असं कोतवाल म्हणाला. त्याने टेबल मांडलं, कागद काढले, आणि समोर बघितलं तर काय, चाळीस माणसं एक गाल फुगवून उभी. त्याला आधी कळलंच नाही.

"नोटीस वाचली आहे ना सगळ्यांनी?" त्याने विचारलं. "दोन्ही पानं? नियम बदललेत, म्हणून विचारतो. वाचता येणारं कोण आहे इथे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात विडा. मी मान डोलावली. होय म्हणून. दोन्ही पानं वाचली म्हणून. अजून ती मान मला आठवते आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

सॅम्युअलने नंबर वाचला, जमिनीचं वर्णन वाचलं. "बोली बोला." कोणी नाही. कावळा ओरडला तेवढाच. "दुसऱ्यांदा विचारतो." कोणी नाही. विठूबाबाच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल धार हनुवटीवर आली, त्याने पुसलीसुद्धा नाही. सॅम्युअलने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"अहो, कोणीतरी बोला. तोंड का शिवलंय तुम्ही? घरच्यांपैकी कोणी बोला. रुपया म्हणा, आठ आणे म्हणा. काहीतरी बोली येऊ द्या."

आम्हाला हसू येत होतं. सरकारी माणूस विनवण्या करतोय! गाव असं छाती काढून उभं होतं, की काय सांगू. मला वाटलं, हा आपल्याला फोडायला बघतोय. विठूबाबाने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

"तिसऱ्यांदा," सॅम्युअल म्हणाला आणि थांबला. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून लिहू लागला. "बोली नाही. तसा पंचनामा करतो. मागाहून माझ्या नावाने शंख करू नका."

'सरकार, एक रुपया' असं तो म्हणाला नाही. ते माझ्या लक्षात आलं. लक्षात येऊनही मी गप्प राहिलो, कारण पंचनाम्यावर अंगठे होईपर्यंत विडा काढायचा नसतो.

साहेब गेल्यावर सगळ्यांनी एकदम विडे थुंकले. चावडीमागची भिंत लालेलाल झाली. दादाने गूळ वाटला. महादेवकाकाने गुळाचा खडा तोंडात टाकला, दादाच्या पाठीवर थाप मारली. "गाव हाय रं हे, गाव!" म्हणाला.

चैत्र-वैशाखात आम्ही उघाडी बसवली. पनवेलचा सुतार आला होता, पण बिजागरी दादानेच ठोकली. पहिल्या भरतीला आम्ही तिघं बांधावर पोटावर पालथे पडून वाकून बघत होतो. पाणी आलं, दार हळूच हललं आणि मिटलं. आत थेंब नाही. वैनी उठून बसली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. मग लाजली आणि दादाला म्हणाली, "आता उठा, का पानी बगूनच प्वाट भरायचं हाय?"

त्याच दिवसांत एकदा महादेवकाका बांधावर आला. नवं धोतर, काखेत छत्री. पनवेलला गेलो होतो म्हणाला. बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मध्ये मध्ये टाच मारून माती बघायचा. उघाडीपाशी वाकून दाराला हात लावला.

"साग हाय?"

"साग," दादा म्हणाला.

"बेस काम केलंस. धा वर्सं बगायला नगं." मग खाचरातली माती बोटावर घेतली आणि चाखली. "मीठ उतरलं की रं."

दादाला केवढा आनंद झाला! शेजाऱ्याने माती चाखून बरं म्हटलं म्हणून. घरी येऊन वैनीला दोनदा सांगितलं. बेस म्हणाला काका, धा वर्सं म्हणाला. माल विकत घेणारा माणूस बैलाचे दात बघतो, तसा तो आला होता, हे आमच्या बापालाही कळलं नसतं.

पाऊस चांगला लागला. वरकसात पालापाचोळ्याचा राब भाजून रोप टाकलं होतं, ते हिरवंगार वर आलं. आषाढात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू केली. दोन वर्षांनी त्या खाचरात पाय घातला. चिखल मऊ होता, गोडा होता. वैनीने हात घालून वास घेतला. गावातल्या आठ बायका आवणीला आल्या होत्या, भीमाबाई त्यांच्यात म्हातारी आणि तोंडाळ, तिच्या थट्टेने खाचर नुसतं दणाणत होतं. तीन दिवसांत पाऊण खाचर लागलं. चौथ्या दिवशी सकाळी बांधावर छत्र्या दिसल्या.

सॅम्युअल, तलाठी, कोतवाल. आणि महादेवकाका. मागे गावातली पंधरा-वीस माणसं, काय चाललंय ते बघायला.

"शिवा कोण?" सॅम्युअलने विचारलं. दादा गुडघाभर चिखलात तसाच उभा राहिला. "या जमिनीचा ताबा द्यायला आलोय. ही जमीन यांना विकली गेली आहे, महादेव..." त्याने कागदात पाहिलं, पण नाव वाचायची गरज नव्हती.

दादा म्हणाला, "जमीन आमची हाय, साहेब. सरकारजमा झाली, पन सुगीला भरनार हाय मी. लिलावात कोन बोललं नव्हतं."

"म्हणूनच गेली."

 पाऊस भुरभुरत होता. सॅम्युअल बांधावरून दोन पावलं खाली आला, बूट चिखलात गेले.

"नियम बदललाय, हे मी त्या दिवशी विचारलं होतं. पूर्वी बोली नसली तर सरकार रुपयात घ्यायचं आणि तुम्हाला परत द्यायचं. आता तसं नाही. बोली आलीच नाही तर मूळ धन्याचा हक्क त्याच दिवशी संपतो. पुढचे तीस दिवस कचेरीत अर्ज घेतात, थकबाकी आणि खर्च भरेल त्या दुसऱ्या कोणालाही जमीन मिळते. यांचा एकट्याचा अर्ज आला."

"आनि कोन बोललं असतं तर?" हे वैनीने विचारलं. डोक्यावर इरलं, हातात रोपाची मूठ. "एक रुपाया बोललं असतं तर?"

सॅम्युअलने तिच्याकडे पाहिलं. त्याला ते सांगायचं नव्हतं, असं मला वाटलं.

"तर ती लिलावातली विक्री झाली असती. मग तीस दिवसांत तुम्ही पैसे भरले असते की विक्री रद्द आणि जमीन तुमची. सगळं दुसऱ्या पानावर आहे."

तीस दिवस. तीस दिवसांत दादाने बैल विकले असते, वैनीने गळ्यातली पुतळी विकली असती, मी मुंबईला जाऊन गोदीत गोणी उचलल्या असत्या. आणि नुसता एक रुपया म्हणायचा होता. चाळीस तोंडं होती तिथे. चाळीसांतलं एकही बेइमान झालं नाही, म्हणून जमीन गेली. मागे उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघेनात. विठूबाबा काठीवर वाकला आणि त्याच्या घशातून कसलातरी आवाज आला. "आमीच घालवली रं," एवढं कळलं.

दादा महादेवकाकाकडे वळला. "काका, विडा घेतला हुता तुमी."

"घेतला की. आनि धरला बी. मी तोंड उगडलं का? चाळीस मान्सं साक्षीला हायत." काकाचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "विडा तोंडापुरता असतो, शिवा. मी कचेरीत कागद दिला. मी दोनी पानं वाचून घेतली, पनवेलला च्याचे पैशे देऊन. तुज्या घरात तर वाचनारा हुता."

मी त्याच्या अंगावर धावलो. तलाठ्याने आणि कोतवालाने धरलं. खरं सांगू? तो खोटं बोलला असता तर मी थांबलो असतो. खरं बोलला म्हणून धावलो.

"तुला कोनी हाकलत नाय," काका दादाला म्हणाला. "जमीन तुज्या हाताची हाय, बांदाची खोड तुलाच ठाव. मजुरीवर ऱ्हा. हौसाला बी देईन. आता आवनी चाललीच हाय, ती पुरी करा, आजपास्न रोज धरीन."

दादाच्या हातातली रोपाची मूठ गळून पडली. तो ती उचलायला वाकला. हे मला बघवेना. अंगावर थुंकी पडली तरी खाली पडलेलं रोप उचलायचं, असा माणूस तो.

वैनी सॅम्युअलला म्हणाली, "कागदात काय लिवलंय? वाचा."

"गट नंबर, चार एकर सात गुंठे, बांध, उघाडी..."

"रोप?"

"काय?"

"रोप लिवलंय का? हे रोप आमच्या वरकसात झालंय. ते वरकस बी विकलं का?"

सॅम्युअलने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "नाही. रोपाचा उल्लेख नाही."

वैनी खाली वाकली. काल लावलेल्या वळीतला रोपांचा पहिला चूड धरला आणि उपटला. मग दुसरा. मुळं चिखलातून सुटताना चुळूक चुळूक आवाज येत होता. तिसरा, चौथा. दादा ओरडला, "हौसे! जित्या रोपाला हात लावू नगं, पाप लागल!"

"लागू दे," ती म्हणाली. वरही बघितलं नाही. "आदीच काय कमी लागलंय?"

भीमाबाईने पदर खोचला आणि शेजारची वळ धरली. मग बाकीच्या सात. तीन दिवस ज्या हातांनी लावलं, त्याच हातांनी उलट्या पायांनी उपटत निघाल्या. महादेवकाका बांधावरून खाली उतरला. आता त्याचा आवाज चढला. "अगं ए! थांबा! साहेब, सांगा ना! शिवा, तुज्या बायकूला आवर! अरं, आवनीचा वक्त जातोय, आता दुसरं रोप कुटनं आनू मी?"

"मामंजी," वैनी म्हणाली, आणि थांबली. आजवर तिने त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. "महादेवा, बाजूला हो. चिखल उडंल."

दादा किती वेळ उभा होता, कोणास ठाऊक. मग तोही वाकला. तो रडत होता, भोकाड पसरून, लहान मुलासारखा, आणि उपटत होता. मी गेलो. मागून दोघं-तिघं पुरुष उतरले, मग सगळेच उतरले. विठूबाबाला उतरता येईना, तो बांधावर बसून शिव्या देत होता, कोणाला ते कळत नव्हतं. सॅम्युअल छत्री मिटून पावसात उभा राहिला. त्याने कोणाला अडवलं नाही. दुपारपर्यंत खाचरात हिरवी काडी राहिली नाही. नुसता चिखल आणि आमची पावलं.

रोप आम्ही घरी नेलं. लावायला जागा नव्हती, गुरांपुढे टाकलं. गाव त्या दिवशी फार खूश होतं. कशी जिरवली, म्हणत होतं. अजूनही म्हणतं. लग्नाकार्यात कोणी पाहुणा आला की ही गोष्ट सांगतात, वैनीचं वाक्य हसून हसून सांगतात, आणि म्हणतात, बघा, आमचं गाव असं.

मी मात्र सांगतो ते ऐका. त्या साली महादेवाचं पीक बुडालं, एक साल. पुढच्या साली त्याने वेळेवर रोप टाकलं, घाटावरून मजूर आणले, आणि त्या चार एकरांत असं भात आलं की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. दादा गोदीत लागला, खोकत परत आला. वैनीच्या डोक्यावरची ती जागा तशीच राहिली. त्यानंतर तीन मोठी उधाणं आली. आजूबाजूचे बांध फुटले, दोन गावांत मीठ शिरलं. महादेवाच्या शेतात थेंब गेला नाही. त्याने बांधाला एक टोपली माती घातली नव्हती. घालायची गरजच पडली नाही, कारण बांध आम्ही बांधला होता, आणि चांगला बांधला होता.